रक्ताला लागलेलं आणि रक्तातून आलेलं

गैरसमज : ‘त्याहिच्या रक्तातच हाय ते.’

चांदूर रेल्वेच्या एसटी स्टँडावर असो की सोयरिकीच्या बैठकीत, हे वाक्य दोन अगदी वेगळ्या आजारांबद्दल एकाच सुरात बोललं जातं. घरात कुणाला एचआयव्ही निघाला की त्याच्या भावाच्या पोरीची सोयरीक अडते. दुसऱ्या घरी चांगलं शाळेत जाणारं पोरगं सातव्या वर्षी अडखळायला लागतं, नजर जाते, शिकलेलं विसरतं, तेव्हा ‘बाहेरचं लागलं’ म्हणून त्याला मांत्रिकाकडे नेतात. जे बाहेरून येतं ते घराण्याच्या माथी मारायचं आणि जे घराण्यातून येतं ते बाहेरच्याच्या, असा हा उलटा हिशेब.

वस्तुस्थिती : एचआयव्ही हा विषाणू आहे. असुरक्षित संबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा. पुतणी, भाचा, नातू यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. जन्मजात चयापचयाचे आजार मात्र खरोखर जनुकांतून येतात. अन्नातला एखादा घटक मोडायला लागणारं एन्झाइम शरीरात कमी असतं किंवा नसतंच. मग तो घटक साचत जातो आणि मेंदू, यकृत, नसा बिघडवतो. असे शेकडो आजार आहेत. एकेकटा विरळा, पण सगळे मिळून तितके विरळे नाहीत.

गोंधळ होतो तो आईकडून बाळाला या वाटेमुळे. ‘मायले हाय, मंग लेकराले होईनच,’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. उपचार न घेतल्यास हा धोका १५ ते ४५ टक्के असतो. गोळ्या वेळेवर सुरू असल्या की तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. वारसा म्हणावा तर गोळीनं असा आटोक्यात येत नाही.

या बाबतीत आपल्याच रेल्वेमार्गावरचा एक अभ्यास जगभर वाचला गेला. धामणगाव, पुलगाव, वर्धा ओलांडलं की सेवाग्राम. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात २००६ साली चोवीस तास एचआयव्ही तपासणी ठेवली गेली. तपासणी सुईनं नाही, हिरड्यांवरून फिरवलेल्या पट्टीनं. कळा सुरू असलेल्या बाराशेहून अधिक बायकांना विचारलं गेलं आणि जवळपास सगळ्यांनी होकार दिला. खेड्यातल्या बायका तपासणीला नाही म्हणतात, हा शहरी तज्ज्ञांचा गैरसमज त्यातून मोडला. तोही याच यादीत बसवायला हवा.

बाळाच्या चाचणीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. एचआयव्हीग्रस्त आईच्या निरोगी बाळाची साधी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहतात. म्हणून सहाव्या आठवड्यापासून खुद्द विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी करतात आणि अंतिम निदान अठरा महिन्यांनी. एका कागदावरून बाळावर शिक्का मारण्याची घाई करू नये.

इथं एखादा चौकस वाचक अडवेल. एचआयव्ही तर आपल्या जनुकांतच शिरतो ना? मग तो पिढ्यान्‌पिढ्या का उतरत नाही?

प्रश्न अगदी बरोबर आहे. हा विषाणू आरएनएचा असतो. पेशीत शिरल्यावर तो स्वतःची डीएनए प्रत बनवतो आणि ती पेशीच्या डीएनएमध्ये कायमची गोवतो. म्हणूनच गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. पण हे घडतं ते मुख्यतः सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांच्या जनुकांत तो गोवला जात नाही, म्हणून वारसा बनत नाही. लाखो वर्षांपूर्वी याच जातीचे इतर काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग त्यांच्या अवशेषांचा आहे. तेव्हा ‘आमचं रक्त शुद्ध’ म्हणणाऱ्या घराण्यातही त्यांचा मुक्काम आहेच.

गैरसमज : पोरापोरीचा रक्तगट जुळला नाही (किंवा एकच निघाला) तर लेकरं अपंग होतात.

वस्तुस्थिती : ए, बी, ओ यांचा जन्मजात चयापचयाच्या आजारांशी संबंध नाही. गंभीर अडचण येऊ शकते ती मुख्यतः आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा, आणि त्यावर इंजेक्शन आहे. लग्नाआधी रक्तगटाची चिठ्ठी मागतात, पण मामाच्या पोरीशी लग्न लावताना काहीच विचारत नाहीत, हे मला नेहमी नवल वाटतं. आर्चिबॉल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरानं १९०२ साली लिहून ठेवलं होतं की लघवी काळी पडण्याच्या एका विकाराची कित्येक मुलं सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नांतून जन्मलेली आहेत. जन्मजात चयापचयाच्या आजारांची संकल्पनाच तिथून उभी राहिली. यातल्या बहुतेक आजारांत दोन्हीकडून एकच सदोष जनुक आलं की आजार दिसतो, आणि नात्यात ते दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते. एरवी शंभरांतल्या दोन-तीन बाळांना काही गंभीर जन्मदोष असतो. सख्ख्या मामे-आते-चुलत भावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-तीनांची भर पडते. म्हणजे धोका खरा, पण ‘अशा घरी लेकरू धड निपजतच नाही’ हेही खोटं.

गैरसमज : एचआयव्ही आणि जन्मजात चयापचयाचे आजार एकमेकांच्या वाटेला जात नाहीत.

वस्तुस्थिती : जातात, आणि तिथं डॉक्टरची कसोटी लागते. जी-६-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम. ते जन्मतः कमी असलं तरी माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असतो. पण ठरावीक औषध पोटात गेलं की तांबड्या पेशी फुटतात, अंग पिवळं पडतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते. मलेरियावरच्या प्रायमाक्विनमुळे हे का होतं, याचा उलगडा १९५६ साली झाला. भारतात हा दोष मुंबईच्या पारशी समाजात १९६०च्या दशकात नोंदला गेला. तो बहुतांशी मुलग्यांत दिसतो. नवजात बाळाचे कपडे डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतून काढून तसेच अंगावर चढवले, तरी अशा बाळाला कावीळ उसळू शकते.

आता एचआयव्ही. प्रतिकारशक्ती खूप घसरलेल्या रुग्णाला फुप्फुसाच्या संसर्गापासून वाचवायला कोट्रायमोक्साझोल देतात. ते सोसलं नाही तर डॅप्सोन. आणि डॅप्सोन हे तांबड्या पेशी फोडणाऱ्या औषधांत अग्रभागी. म्हणून ते सुरू करण्याआधी जी-६-पीडी तपासायचं असतं. पेशंट फिका पडला की ‘एड्सनं रक्त खाल्लं’ म्हणून घरचे मोकळे होतात. खरा दोषी कधीकधी आजोळाकडून आलेलं एक जनुक असतं.

‘एचआयव्ही म्हणजे मरण’ यावर आता फार लिहायला नको. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, मोफत आहे. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ज्यात सहभागी होती त्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानं २०११ साली दाखवलं की लवकर उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. नोकरी, शाळा, दवाखान्यात भेदभाव केला तर २०१७ चा कायदा आहे.

गैरसमज : या विषाणूपासून काही भलं होणं शक्य नाही.

वस्तुस्थिती : हे सांगताना मलाच थोडं गमतीचं वाटतं. वर ज्या मुलाला मांत्रिकाकडे नेलं, त्याचा आजार अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी असू शकतो. अतिलांब साखळीची चरबी मोडता येत नाही, ती साचते आणि मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजतं. २००९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी अशा दोन मुलांच्या रक्तपेशींच्या मूळपेशी बाहेर काढल्या आणि त्यांत दुरुस्त जनुक घालून परत सोडल्या. जनुक पेशीत पोचवायला त्यांनी वापरला एचआयव्ही. रोग करणारी आणि वाढणारी सगळी यंत्रणा काढून टाकलेला, फक्त जनुक गोवण्याची हातोटी ठेवलेला. आजार थांबला. पुढे मिलानमध्ये अशाच दुसऱ्या आजारावर हेच तंत्र चाललं आणि त्या उपचाराला युरोपात २०२० साली, अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली.

जादू मात्र नाही. अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीवरच्या अशाच जनुक-उपचाराच्या चाचण्यांत ६७ मुलांपैकी ७ जणांना पुढे रक्ताचा कर्करोग झाल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालं. विषाणू परत जिवंत झाला म्हणून नव्हे. जनुक नको त्या जागी गोवलं गेलं म्हणून. अमेरिकेत मान्य झालेल्या मिलानच्या उपचाराची किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर, म्हणजे वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला शून्यं मोजतानाच घाम फुटेल. तरी हे तंत्र आपल्याकडे आलं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून निघालेली कर्करोगावरची नेक्सकार-१९ ही पेशी-उपचारपद्धती २०२३ साली मंजूर झाली. तिच्यातही असाच वाहक विषाणू आहे आणि खर्च तिकडच्या साधारण दहाव्या हिश्श्यात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर याच जातीचा वाहक वापरून केलेला उपचार २०२४ साली प्रसिद्ध केला.

मग असा उपचार घेणाऱ्याला एचआयव्ही होतो का? नाही. पण एक खोच आहे. वाहकात मूळ विषाणूचे काही तुकडे उरलेले असल्यामुळे अशा रुग्णाची एचआयव्हीची पीसीआर चाचणी चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते. प्रतिपिंडं शोधणारी नेहमीची चाचणी मात्र निगेटिव्ह राहते. तपासणीसाठी रक्त द्यायच्या आधी आपला उपचार कोणता झाला, हे त्यानं तंत्रज्ञाला सांगितलेलं बरं.