‘हळूहळू’ म्हणजे नेमके कसे?

मागे एकदा प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होतो. गरम पाणी थंड होण्याचा प्रयोग होता. एका विद्यार्थ्याची निरीक्षणे चोख, आलेखही सुबक. निष्कर्षात मात्र त्याने इंग्रजीत लिहिले होते की, पाण्याचे तपमान ‘स्टेडिली’ उतरले. मी एक गुण कापला. तो म्हणाला, “सर, हळूहळूच उतरले की!”

विद्यार्थिमित्रांनो, घोटाळा इथेच आहे. आपला ‘हळूहळू’ हा शब्द अनेक कामे एकटाच करतो. इंग्रजीत ती निरनिराळ्या क्रियाविशेषणांनी वाटून घेतली आहेत. ‘स्लोली’ हा शब्द वेग कमी आहे, एवढेच सांगतो. ‘ग्रॅज्युअली’ म्हणजे एकदम उडी न घेता, थोडे थोडे करून. या शब्दाच्या मुळाशी पायरी या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ‘स्टेडिली’ म्हणजे खंड न पडता, एकसारख्या गतीने. नळाची धार कायम ठेवून सरळ उभ्या पिंपात पाणी सोडले, तर पातळी ‘स्टेडिली’ चढते. आलेख सरळ रेषेत येतो.

आता आपले गरम पाणी पाहू. समजा, खोलीचे तपमान ३० अंश व पाण्याचे ७० अंश सेल्सिअस आहे. वीस मिनिटांत पाणी ५० अंशांवर आले. पुढच्या वीस मिनिटांत ते ३० वर येईल काय? नाही, साधारण ४० वर येईल, आणि त्यापुढच्या वीस मिनिटांत ३५ वर. खोलीच्या तपमानाशी असलेला फरक ४०, २०, १०, ५ असा दर वेळी निम्मा होतो. न्यूटनने १७०१ साली मांडलेला शीतलीकरणाचा नियम तो हाच.

समान काळात समान प्रमाणात होणाऱ्या अशा बदलाला ‘एक्स्पोनेन्शियली’ हा शब्द आहे. पुष्कळजण तो ‘फार झपाट्याने’ या अर्थाने वापरतात, ते बरोबर नव्हे. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे उरते, तर रेडियम-२२६ निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. दोन्ही घटतात मात्र ‘एक्स्पोनेन्शियली’च!

त्या विद्यार्थ्याला मी आलेखावर पट्टी ठेवायला सांगितले. रेषा वाकलेली दिसताच त्याने ‘स्टेडिली’ खोडून ‘ग्रॅज्युअली’ लिहिले, आणि उतरण्याचा वेग कमी होत गेला, अशी पुस्तीही जोडली. कापलेला गुण मी परत दिला. तुम्हीही आधी आलेख पाहा, मग शब्द निवडा.