खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगड किती?

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, ते मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर. आपलं कन्नड पडलं औट्रम घाटाच्या माथ्यावर. इथे खारं पाणीसुद्धा घरीच करावं लागतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ. पाणी झालं की पहिला प्रश्न येतो, दगड किती घालायचे?

त्याआधी, दगड घालायचेच कशाला? नुसत्या शोभेला नव्हे. मासे अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. दगडावर राहणारे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. म्हणजे दगड हे जीवाणूंचं घर. आणि घरात किती माणसं मावतील हे भिंतींच्या वजनावर ठरत नाही, खोल्यांवर ठरतं.

जुना ठोकताळा वजनाचा आहे: लिटरला १२० ते २४० ग्रॅम. १८० लिटरच्या टाकीला हे २२ ते ४३ किलो होतात. पण दगड-दगडात फरक आहे. पितळखोऱ्याची लेणी ज्यात कोरली तो आपला काळा बेसॉल्ट घट्ट असतो. तो २० किलो घातला तर सुमारे ७ लिटर पाण्याची जागा जाते आणि जीवाणूंना मिळतो फक्त वरचा पृष्ठभाग. सच्छिद्र, हलका दगड निम्म्या वजनात जास्त काम करतो.

आम्ही पहिल्या टाकीत ४० किलो दगड काचेपर्यंत रचला होता. मे महिन्यात दुपारी वीज गेली, ती चार तास आली नाही. मासे वर येऊन धापा टाकू लागले. सकाळपर्यंत दोन मेले. कारण सरळ होतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. जीवाणूंनाही तोच प्राणवायू लागतो, आणि दगडांच्या फटींत अडकलेला गाळ कुजतानाही तोच खातो. आपल्याकडचा उन्हाळा आणि वीज बघता, दगडापेक्षा पाणी जास्त हवं.

म्हणून आमचं म्हणणं असं: १८० लिटरला १२ ते १५ किलो सच्छिद्र दगडापासून सुरुवात करा. मासेही थोडेच ठेवा. काचेपासून चार बोटं अंतर सोडा. पाणी फिरतं, काच पुसता येते. दगड आधी तळाला टेकवा, वाळू नंतर टाका, नाहीतर वाळू उकरणारा मासा ढीग पाडतो. मग अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबा. चार ते सहा आठवडे सहज लागतात. नंतर दगड वाढवता येतो. रचलेला काढणं मात्र जिवावर येतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. गौताळा अभयारण्यातला दगडही तिथेच राहू द्या. मत्स्यालयासाठी तयार केलेला दगड बाजारात मिळतो, तोच घ्या.

आता दुकानात गेलात की आधी वजन विचारू नका. दगड हातात घ्या, छिद्रं बघा.