वर्गात साप आला तर…

अमेरिकेतल्या शाळांत कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप दाखवायला आणतात, तेव्हा खरी धास्ती दंशाची नसते, साल्मोनेला जिवाणूची असते. धडधाकट सापाच्या, कासवाच्या विष्ठेतून तो अंगाला लागतो. चिमुरडी मुलं इवलं कासव सरळ तोंडात घालत. म्हणून १९७५पासून तिथे चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे.

तिथे वर्गात साप आला, की पाच वर्षांखालच्यांनी नुसतं पाहायचं.

मोठ्यांनी दोन बोटं पाठीवरून शेपटीकडे फिरवायची. डोकं मात्र जाणकाराच्या ताब्यात. मग साबणाने २० सेकंद हात धुवायचे, जेवणाचा डबा त्यानंतरच उघडायचा.

भारतात मात्र देशी साप पकडून खेळ करणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शाळेत सर्पमित्राला जरूर बोलवा. पण साप चित्रफितीतच दाखवा.