ओढ्याकाठचा शीळकरी

नेरच्या सपाट कपाशीच्या मुलखात शीळकरी कस्तूर दिसत नाही. तो राहतो मेळघाटच्या आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत, सावलीतल्या ओढ्यांवर. लांबी सुमारे २५ सेंटिमीटर. सावलीत तो काळाच वाटतो. ऊन पडले की कपाळ आणि खांदे निळे चमकतात. त्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश तेवढा परतून येतो. किडे, खेकडे, बेडूक हा त्याचा आहार. घरटे धबधब्याजवळच्या कपारीत. पावसाळ्यात पहाटे तो गातो, तेव्हा कोणी माणूसच शीळ घालतोय असे वाटते. माणसाचा आवाज गळ्यातून येतो. पक्ष्याचा मात्र खाली, श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथून. काठची झाडे तुटली, ओढा आटला, तर त्याचे अन्नही जाते आणि घरटेही. शीळ ऐकू आली, तर समजावे, ओढा अजून जिवंत आहे.