घरासाठी पीएफ : वाचलेला हप्ता जातो कुठे?

पहिल्या घराचा व्यवहार अडतो तो बहुधा कर्जापाशी नव्हे, स्वतःच्या हिश्शापाशी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के. मुंबईत 60 लाखांचा फ्लॅट घेणाऱ्याला 48 लाख कर्ज मिळाले, तरी 12 लाख खिशातून घालावे लागतात. वर 6 टक्के मुद्रांक शुल्काचे 3 लाख 60 हजार आणि नोंदणीचे 30 हजार; हा खर्च बँक सहसा किमतीत धरत नाही. म्हणजे सोळा लाखांच्या आसपास रोकड हवी. मध्यमवर्गीय नोकरदाराकडे एवढी मोठी रक्कम एकाच ठिकाणी साठलेली असते, ती पीएफमध्ये.

1952च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी (पीएफ) योजनेतील परिच्छेद 68-बी हा यातला मूळ दरवाजा. पाच वर्षांचे सदस्यत्व झाले की घर किंवा फ्लॅटसाठी रक्कम मिळते. मूळ पगार व महागाई भत्ता यांची 36 महिन्यांची बेरीज, खात्यातील सदस्याचा आणि मालकाचा असे दोन्ही हिस्से व्याजासह आणि घराची प्रत्यक्ष किंमत, या तिघांत जी रक्कम सर्वांत लहान तीच मर्यादा. नुसत्या भूखंडाला 36ऐवजी 24 महिने. मालमत्ता सदस्याच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर हवी. भावाबरोबर किंवा वडिलांबरोबर घेतलेल्या फ्लॅटचे अर्ज इथेच अडकतात. मालकाच्या वाट्यातून पेन्शन योजनेत गेलेली रक्कम घरासाठी मिळत नाही.

ऑक्टोबर 2025मध्ये पीएफ संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे सारे सोपे करण्याचा निर्णय घेतला. अंशतः रक्कम काढण्याच्या 13 तरतुदींचे तीन गट, त्यांत घर हा एक; किमान सेवा सरसकट 12 महिने; आणि 25 टक्के रक्कम खात्यात राखून ठेवायची. यातली शेवटची अट अनेकांना जाचक वाटते, पण सदस्याच्या खऱ्या हिताची तीच आहे.

कारण काढलेली रक्कम पीएफला परत करायची नसते. सिंगापूरमध्ये 1968पासून सीपीएफ या तिथल्या भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून सरकारी घरे घेता येतात, पण घर विकले की वापरलेली रक्कम आणि तिच्यावर मिळू शकले असते ते व्याज, दोन्ही विक्रीच्या पैशातून आपल्याच निवृत्तिखात्यात भरावे लागते. भारतात असे बंधन नाही. परतफेडीची शिस्त सदस्यानेच पाळायची.

आता मुख्य हिशेब. खात्यातील 10 लाख 8.25 टक्क्यांनी 20 वर्षे राहिले तर सुमारे 48 लाख 80 हजार होतात. हा आकडा दाखवून ‘पीएफला हात लावू नका’ असे सांगितले जाते. तो सल्ला अर्धाच आहे. तेच 10 लाख घरात घातले तर तेवढे कर्ज कमी होते, आणि 8.5 टक्के दराच्या 20 वर्षांच्या कर्जात दरमहा साधारण 8,680 रुपयांचा हप्ता वाचतो. हे 8,680 रुपये ऐच्छिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे व्हीपीएफमध्ये, दरमहा भरले आणि दर तोच राहिला, तर 20 वर्षांनी सुमारे 50 लाख जमतात. कर्जाचा दर पीएफच्या दराहून किंचित जास्त असल्याने पारडे थोडे घराकडे झुकते. नुकसान होते ते वाचलेला हप्ता घरखर्चात विरून जातो तेव्हा, आणि बहुतेक घरांत तो विरतोच. म्हणून रक्कम काढतानाच कंपनीच्या वेतन विभागाकडे व्हीपीएफचा अर्ज द्यावा. पगार हातात येण्याआधी कापला गेलेला पैसाच टिकतो. ज्यांचे स्वतःचे वार्षिक योगदान अडीच लाखांवर जाईल, त्यांनी वरच्या भागावरील व्याजाला कर लागतो हे हिशेबात धरावे.

एक गोष्ट मात्र या गणितात बसत नाही. पीएफ कायद्याच्या कलम 10नुसार खात्यातील रक्कम कर्जापोटी न्यायालयाच्या हुकुमानेही जप्त करता येत नाही. घराला ते कवच नाही. हप्ते थकले तर बँक ते ताब्यात घेऊ शकते. नोकरी डळमळीत असलेल्याने म्हणूनच सगळी परवानगी वापरू नये. थोडे लहान घर किंवा थोडे मोठे कर्ज पत्करून निदान वर्षभराच्या हप्त्यांइतकी रक्कम खात्यात ठेवावी.

राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, म्हणजे एनपीएसचा, मार्ग याहून अरुंद आहे. तीन वर्षांनंतर स्वतःच्या योगदानाच्या 25 टक्क्यांपर्यंतच रक्कम घरासाठी काढता येते, आणि वडिलोपार्जित घर सोडून आधीच दुसरे घर नावावर असेल तर तीही नाही.