रॅम भरपूर, मग स्वॅप किती?

लिनक्स बसवताना बरेच जण अजूनही एका प्रश्नापाशी अडतात: स्वॅपला, म्हणजे रॅममधला मजकूर तात्पुरता उतरवून ठेवायच्या डिस्कवरच्या भागाला, किती जागा द्यायची? जुनं उत्तर ठरलेलं होतं, रॅमच्या दुप्पट. 2001 साली आलेल्या 2.4 कर्नलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना तर खरोखरच तेवढा स्वॅप लागायचा. पण तेव्हा घरच्या संगणकात 128 एमबी रॅम असे. दुप्पट म्हणजे जेमतेम पाव जीबी. आज 32 जीबी रॅमच्या यंत्राला हाच हिशेब लावला, तर 64 जीबी डिस्क अडकून पडते.

जागेचं एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण वेगाची आहे. कर्नल मेमरी साधारणपणे 4 केबीच्या पानांत हाताळतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क विखुरलेली पानं सेकंदाला शंभरेकच वाचते, म्हणजे 400 केबी. या गतीने एकेक पान करत 64 जीबी परत आणायला जवळपास दोन दिवस लागतील! एसएसडी कितीतरी चपळ, तरी रॅमपुढे तीही शेकडो पटींनी संथ. त्यामुळे एखादा प्रोग्रॅम बेसुमार मेमरी खाऊ लागला, की भलामोठा स्वॅप फक्त यातना लांबवतो. यंत्र गोठल्यासारखं होतं, आणि अशा प्रोग्रॅमला बंद पाडणारा कर्नलचा ओओएम किलर फार उशिरा जागा होतो.

म्हणून स्वॅप शून्यच ठेवावा का? माझ्या मते मुळीच नाही. फायलीतून वाचलेलं पान कर्नल बिनधास्त टाकून देऊ शकतो, कारण मूळ प्रत डिस्कवर असते. प्रोग्रॅमने चालता चालता तयार केलेल्या पानांना अशी प्रत नसते. सकाळपासून कुणी न पाहिलेल्या ब्राउझर टॅबची पानंही स्वॅपअभावी रॅम अडवून बसतात, आणि वारंवार लागणाऱ्या फायलींची पानं मात्र बाहेर जातात.

8 जीबीहून जास्त रॅम असेल, तर रेड हॅट किमान 4 जीबी स्वॅप सुचवते. रोजच्या कामाला 4 ते 8 जीबी पुरेत. हायबरनेट वापरणाऱ्यांनी मात्र रॅमएवढा तरी ठेवावा, कारण तिथे रॅममधला ऐवज डिस्कवर उतरवायचा असतो. फेडोराने 2020 मध्ये वेगळी वाट धरली: झेडरॅम, म्हणजे पानं दाबून रॅममध्येच ठेवायची.

स्वॅप ठरवल्यानंतर ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने, म्हणजे स्वॅपमधून आत येणारा आणि स्वॅपकडे बाहेर जाणारा ओघ, पाहा. ते शून्याजवळ असतील, तर अर्धा भरलेला स्वॅपही ठीकच. आकडे सतत मोठे दिसत असतील, तर कमी पडते आहे ती रॅम.