'टू' की 'बाय'? : छोट्या शब्दांचा मोठा हिशेब

अशी कल्पना करा की चंचुपात्रातील पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सियस होते. तापवल्यावर ते ४० अंश झाले. एकाने वहीत लिहिले, 'द टेम्परेचर रोज टू ४० डिग्रीज.' दुसऱ्याने लिहिले, 'द टेम्परेचर रोज बाय ४० डिग्रीज.' फरक एका शब्दाचा. पण दुसऱ्याच्या वाक्याप्रमाणे पाणी ६५ अंशांवर गेले! 'टू' म्हणजे कोठपर्यंत आणि 'बाय' म्हणजे कितीने. इंग्रजीचे व्याकरण येथे थेट गणितात शिरते.

आणखी एक गंमत पाहा. 'डिवाइड १२ इन हाफ' म्हणजे बाराचे दोन सारखे भाग करा, उत्तर ६. 'डिवाइड १२ बाय हाफ' म्हणजे बाराला अर्ध्याने भागा, उत्तर २४! आपल्याकडे 'तीन इन्टू चार' म्हणजे गुणाकार, हे सर्वांना पाठ असते. इंग्लंडमधील मुलाला मात्र 'थ्री इन्टू ट्वेल्व्ह' हा भागाकार वाटतो. बारात तीन किती वेळा जातात, असा तो अर्थ लावतो. गुणाकारासाठी तो 'थ्री टाइम्स फोर' किंवा 'थ्री मल्टिप्लाइड बाय फोर' म्हणेल.

हे छोटे शब्द एवढे महत्त्वाचे का? सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्रजीतही नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढे ते बहुतेक झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमावर व नामाआधी येणाऱ्या 'टू', 'ऑफ', 'फ्रॉम' अशा शब्दांवर पडले. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात. म्हणून आपण मनात मराठी वाक्य जुळवतो, त्याच्या प्रत्ययाला इंग्रजी शब्द चिकटवतो आणि फसतो.

नेहमीच फसतो असे मात्र नाही. 'लंबकाचा दोलनकाल त्याच्या लांबीवर अवलंबून असतो.' येथे 'वर' आणि इंग्रजीत 'डिपेंड ऑन', जोडी जुळली. शिवाय 'लंबक' आणि 'अवलंबून' हे दोन्ही शब्द 'लोंबणे' या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. तसेच 'पेंड्युलम' आणि 'डिपेंड' हेही टांगणे, लोंबणे या अर्थाच्या लॅटिन मुळातून आलेले आहेत. 'रिॲक्ट विथ' हेही तसेच जुळते; आम्लाची अल्कलीशी अभिक्रिया होते.

खरा धोका दुसऱ्या गटात आहे. मराठीत प्रत्यय किंवा अव्यय आहे, इंग्रजीत काहीच नाही. 'प्रयोगाविषयी चर्चा केली' म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहू नका; नुसते 'डिस्कस द एक्स्पेरिमेंट' पुरे. 'पिकावर परिणाम होतो' म्हणून 'अफेक्ट ऑन' नको. 'अफेक्ट द क्रॉप' म्हणा. मात्र 'इफेक्ट' हे नाम आले की 'ऑन' परत येतो. 'वर्गात शिरलो' हे 'एंटर द क्लासरूम', 'त्याला विचारले' हे 'आस्क्ड हिम'.

तिसऱ्या गटात उलटे घडते. आपण गाणे नुसते ऐकतो. इंग्रजीत 'लिसन टू' लागते.

कधी एकच क्रियापद निरनिराळे शब्द घेते आणि अर्थ बदलतो. 'लुक ॲट द मायक्रोस्कोप' म्हटले तर तुम्ही उपकरणाकडे पाहाल. 'लुक थ्रू' म्हटले तर त्यातून पाहाल आणि कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी दिसतील. 'लुक फॉर' म्हटले तर सूक्ष्मदर्शक कोठे ठेवला आहे ते शोधत बसाल!

मग उपाय काय? सर्वांना लागू पडेल असा एक नियम नाही. म्हणून नवे क्रियापद एकटे पाठ करू नका. 'कन्सिस्ट' नव्हे, 'कन्सिस्ट ऑफ'. 'डिफर' नव्हे, 'डिफर फ्रॉम'. चांगल्या शब्दकोशात ही जोडी उदाहरणासह दिलेली असते. वहीत तीन रकाने आखा: जुळणारे, इंग्रजीत काही न लागणारे आणि इंग्रजीत जास्तीचा शब्द घेणारे. विज्ञानाचे पुस्तक वाचताना भेटेल ते क्रियापद योग्य रकान्यात टाका.

शेवटी एक प्रश्न. टाकीत ५० लिटर पाणी होते. ते 'बाय २० लिटर्स' कमी झाले तर किती उरले? आणि 'टू २० लिटर्स' कमी झाले तर? पहिले उत्तर ३०, दुसरे २०. तुमचेही हेच आले ना?